एक मूठ आगीची

समोरच्या मुरमुरेवाल्या बाईंनी मला कॉफी भाजायला शिकवलं, हे आधी सांगून टाकतो. पुढे माझा हुबळीचा अनुभव, माझी हुशारी, माझं धाडस असं बरंच काही येणार आहे, आणि ते वाचून कुणाचा समज व्हायचा की धंदा मी उभा केला. तसा समज मीही काही दिवस करून घेतला होता. बाईंनी जन्मात एकदाच कॉफी घेतली, तीही दीड घोट. उरलेली त्यांनी भट्टीपुढच्या राखेवर ओतली आणि म्हणाल्या, राख बसवायला बरी आहे. अशा माणसाच्या हाताखाली मी कॉफीचा कारखानदार झालो.

मी सातवीत शाळा सोडली. ‘सोडली’ हा शब्द आईचा. मास्तरांचं म्हणणं होतं की शाळेनंच मला सोडलं आणि जाताना मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. आमचं गाव बेळगावकडचं. थोरल्या भावाचं किराणा दुकान होतं आणि त्यात पुड्या बांधायची जागा माझ्यासाठी राखून ठेवलेली होती. राजाच्या धाकट्या मुलाला परगणा राखून ठेवतात तशी. ती गादी नाकारून मी हुबळीला गेलो आणि एका हॉटेलात आठ महिने पेले विसळले. कॉफीचं माझं सगळं शिक्षण ते एवढंच: दुसऱ्यानं पिऊन टाकलेल्या कॉफीचं. तिथून एका लाकडाच्या ठेकेदाराच्या ओळखीनं बल्लारशाला आलो. गडचिरोलीच्या बाजूचं सागवान डेपोत यायचं, त्याच्या बुडख्यावर नंबर मारायचे, हे काम. इथलं जंगल फार मोठं आणि फार सुंदर आहे असं सगळे म्हणतात. असेल. मला दोन वर्षं ते आडवं पडलेलंच भेटलं.

डेपोचा माल बुक करायला मी स्टेशनवर जात असे. तिथले पार्सलबाबू मद्रासकडचे. या मुलुखात पंधरा वर्षं काढल्यामुळे इथली बोली इथल्या लोकांपेक्षा बरी बोलायचे. रेल्वेच्या क्वार्टरांत त्यांच्याकडची अकरा घरं होती, आणि पार्सलबाबूंनी नाक मुरडलं की अकरा घरांची नाकं त्याच बाजूला मुरडत. त्यांचं एकच दुःख होतं. कॉफीची पूड गावाहून यायची ती महिन्यानं यायची, येईतो तिचा वास उडालेला असायचा, आणि चहा पिणाऱ्या या लोकांत आपण कुजून मरणार असं त्यांना वाटायचं. एकदा ते असंच हळहळत होते तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं,

“मी हुबळीला कॉफीतच होतो.”

खोटं नव्हतं. कोपरापर्यंत होतो.

त्यांनी चष्मा वर केला. “भाजता येते तुले?”

“येते की.”

हे मात्र खोटं होतं. पण तोवर त्यांनी आतल्या तारबाबूंना हाक मारली होती, आणि संध्याकाळपर्यंत अकरा घरांना कळलं की डेपोतला पोरगा कॉफी भाजून देणार. म्हणजे ताजे भाजलेले दाणे. दळायची यंत्रं प्रत्येकाच्या खिडकीला स्क्रूनं बसवलेली होतीच, दाण्यांवाचून रिकामी.

मला काळजी करायची सवय आहे. सकाळी उठलो की आधी काळजी, मग दात घासणं. अशा माणसानं खरं तर धंद्याच्या वाटेला जाऊ नये. पण घाबरट माणूस एकदा धीट झाला की त्याला आवरणं कठीण. दोन वर्षांची शिल्लक घालून मी सिकंदराबादेहून कच्च्या कॉफीचं अर्धं पोतं मागवलं, डेपोला रामराम ठोकला आणि भावाला पत्र लिहिलं की मी स्वतःचा कॉफीचा कारखाना काढत आहे. भावाचं उत्तर कार्डावर आलं. कार्डाची अर्धी जागा कोरी होती. “पोतं संपलं की ये. पुड्या बांधायला माणूस लागतोच.”

ते कार्ड मी खुंटीला अडकवलं आणि खाली पोतं ठेवलं. पोतं माझ्या मांडीपर्यंत होतं. ते जितकं खाली जाईल तितकं बेळगाव जवळ येणार, हा हिशेब सातवी नापासालाही जमण्यासारखा होता.

कारखाना म्हणजे माझी खोली. यंत्रसामग्री म्हणजे एक लोखंडी कढई, एक उलथनं आणि शेणाच्या गोवऱ्या. पहिल्या दिवशी शेरभर दाणे कढईत टाकले. हिरवे होते ते पिवळे झाले, मग तांबूस, मग मी जरा आनंदलो, आणि आनंद आवरेपर्यंत ते काळे होऊन धूर सोडू लागले. धूर खोलीत मावेना तेव्हा अंगणात गेला. अंगणात माझे घरमालक खाटेवर पडले होते. ते जंगलखात्यातून निवृत्त झालेले गार्ड. उभा जन्म दुसऱ्यांची चोरटी लाकडं पकडण्यात गेला होता. नुसत्या धुरावरून लाकूड सांगायचे, आणि विचारलं नाही तरी सांगायचे.

ते उठून बसले आणि नाक वर केलं. “हे साग नोहे. धावडा नोहे. तेंदू तं नाईच नाई.” मग माझ्याकडे संशयानं बघत, “काय जाळून राह्यला तू?”

“कॉफी आहे भाऊ.”

“कोणत्या रेंजचं झाड?”

इतक्यात समोरच्या घरातून बाई आल्या. समोर त्यांची मुरमुऱ्याची भट्टी होती. त्या ढिवरांच्या, घरधनी वर्धा नदीत जाळी टाकायचे आणि फारसे बोलायचे नाहीत, बाई भट्टी सांभाळायच्या आणि दोघांचं बोलायच्या. हाताचे केस कोपरापर्यंत जळून गेलेले. आल्या, कढईतला एक दाणा उचलला, फुंकर मारली आणि दातानं फोडला.

“वरून कोळसा, आतून कच्चा,” त्या म्हणाल्या. “हे कोनाले चारतं, भाऊ?”

“खात नाहीत बाई. पितात.”

“दाणे पितेत?”

“दळून, पाण्यात.”

त्यांनी कढईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “अन तू हेच काम कराले इतक्या दुरून आला?”

मी जरा मान ताठ करून कारखान्याचं सांगितलं. कारखाना कुठे आहे असं त्यांनी विचारलं. हाच, म्हणालो. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. कारखाना एका नजरेत मावला.

“कढईत नाई भाजत दाना,” त्या म्हणाल्या. “बूड तापते, दाना एका कुशीवर जळते. रेती लागते. उद्या सकाळी ये.”

त्यांच्या भट्टीत मातीची मोठी खापरं तिरपी बसवलेली होती. खाली पालापाचोळा धडधडायचा, वर खापरात नदीची बारीक रेती लाल तापायची. रेतीत दाणे टाकायचे, काड्यांच्या जुडीनं फिरवायचे आणि चाळणीत उपसून काढायचे. रेती गळते, भाजलेलं वर राहतं. मुरमुरे, फुटाणे, सगळं तसंच. आजूबाजूची माणसं आपापलं धान्य घेऊन यायची, बाई भाजून द्यायच्या आणि भाजणावळ म्हणून पैसा नाही, धान्यातलीच एक मूठ काढून घ्यायच्या. तीही कच्चीच, आगीत जायच्या आधी. त्यातले चार दाणे जाळात टाकायच्या, बाकीचे बाजूला.

माझा डबा पुढे आला तेव्हाही त्यांचा हात आत गेला.

“बाई, तुम्ही कॉफी घेत नाही. मूठ कशाला? मी पैसे देतो.”

“मूठ माही नोहे. आगीची हाये. काम तिनं करावं अन पैसे म्या घ्यावे?”

चार दाणे जाळात गेले, उरलेले एका रिकाम्या गाडग्यात. माझ्या मनात आलं, अडाणी रिवाज. माझं पोतं मुठीमुठीनं कमी होणार आणि ते गाडगं कुणाच्याच कामाला येणार नाही. हे मी मनातच ठेवलं, एवढी अक्कल तेव्हा होती.

रेतीत मात्र चमत्कार झाला. दाणे सगळीकडून सारखे, तपकिरी, वासाला असे की मला हुबळीच्या मोरीची आठवण आली. मी डबा घेऊन जवळजवळ पळतच स्टेशनवर गेलो.

रविवारी पार्सलबाबूंच्या ओसरीवर क्वार्टरांतली मंडळी जमली. बाबूंच्या बायकोनं आत दाणे यंत्रात घातले. यंत्राचा आवाज ऐकून मला दगड फोडण्याची खाण आठवली. दोनदा दांडा अडकला. पण आम्ही बाहेर सगळे हसून बोलत होतो. पितळी पेले आले. बाबूंनी वरून धार धरून पहिला घोट घेतला, तोंडात फिरवला आणि बराच वेळ गिळलाच नाही.

“तंबी,” ते शेवटी म्हणाले, “हे काफी होय का रसम?”

तारबाबूंनीही घेतला. त्यांनी पेला खाली ठेवला तेव्हा तळाशी कण वाजले. “मीठ बरोबर हाये,” ते म्हणाले. “फक्त मिरं कमी.”

आतून बाबूंच्या बायकोनं यंत्राचं वरचं भांडं काढून ओसरीच्या उंबऱ्यावर आणून ठेवलं. भांड्यात रेती होती. कॉफीच्या दाण्याच्या पोटाला एक चीर असते. त्या चिरेत वर्धा नदी थोडी थोडी भरून आली होती.

मी तडक भट्टीवर गेलो. “बाई, कॉफी खारट झाली.”

“होईनच,” बाई चाळणी झटकत म्हणाल्या. “मुरमुऱ्याचे तांदूळ मिठाच्या पाण्यात भिजवतो. रेती मीठ खाते. दहा वर्सांची रेती हाये.”

“मग तुम्ही सांगितलं का नाही?”

“मले काय मालूम तुह्या लोकायले खारट पाह्यजे का गोड? तूच म्हने का हुबळीले शिकून आलो.” त्या जरा थांबल्या. “काऊन, हुबळीले मीठ नाई टाकत?”

 

माझा धंदा तिथेच संपायचा. पण रेल्वेनं वाचवला. पार्सलबाबूंची गावाहून येणारी कॉफीची पूड त्या महिन्यात आलीच नाही. जगाची पार्सलं बिनचूक पोचवणाऱ्या माणसाचं स्वतःचं पार्सल कुठल्या तरी भलत्याच स्टेशनवर उतरून गहाळ झालं होतं. तक्रार करायची तर ती त्यांच्याच टेबलावर येणार होती. आणि तीन आठवड्यांनी, मद्रासच्या गाडीनं, त्यांच्या मुलीला पाहायला मंडळी यायची होती. मुलगा आणि त्याच्याकडचे चारपाच वडीलधारे, सगळे कॉफीचे दर्दी.

“त्यायले चहा देऊ का मी?” बाबू मला म्हणाले. आवाजात आधीचा थाट नव्हता. “तीन हप्ते हाये तुह्याकडे. जमली तं अकरा घरं तुही. नाई जमली तं या ओसरीवर चढू नको.”

खोलीवर येऊन मी पोतं पाहिलं. गुडघ्याच्या जरा वर होतं. खुंटीवर कार्ड होतं.

त्या दिवसापासून बाईंनी मला कामाला लावलं. रेती नाही. एक कोरं खापर आणलं, तिरपं बसवलं, आणि जाळ निम्मा केला. “रेती नाई तं हातच रेती,” म्हणाल्या. म्हणजे दाणे एक क्षणही थांबू द्यायचे नाहीत, जुडी फिरतच राहिली पाहिजे. खांदा निखळला तरी चालेल. रोज सकाळी त्यांचे मुरमुरे व्हायच्या आधी माझी एक खेप, पाव शेराची. रोज आधी आगीची मूठ. चार दाणे जाळात, उरलेले गाडग्यात. मी पोत्याकडे पाहायचो आणि गाडग्याकडे पाहायचो, आणि बाईंच्या मुठीचा आकार माझ्या फार लक्षात यायचा.

मी रंग बघायचो. बाई बघायच्याच नाहीत. तोंड दुसरीकडे करून, खापराकडे कान लावून बसायच्या.

“डोये कायले फोडून राह्यला? धुरात का दिसते?” त्या म्हणायच्या. “दाना बोलते. आयक.”

चौथ्या की पाचव्या दिवशी मला ऐकू आलं. आधी दाणा टचटच करतो, लाह्या फुटाव्यात तसा मोकळा आवाज. मग एकदम गप्प बसतो. माझ्यासारखा घाबरट माणूस तिथेच खापर उतरवायचा.

“थांब. अजून त्याचं बोलनं संपलं नाई.”

आणि मग पुन्हा सुरू व्हायचं, पण बारीक, चुलीत मिठाचा खडा पडल्यासारखं, चुरचुर. “आता,” बाई म्हणायच्या. तेवढ्यात सुपात ओतायचे आणि वाऱ्यावर पाखडायचे. एक श्वास उशीर झाला तर कोळसा. हे मला हुबळीच्या आठ महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तरी मी मोरीवर होतो.

दोन आठवड्यांत हात बसला. बाबूंच्या बायकोनं एका खेपेचे दाणे दळून पाहिले आणि निरोप पाठवला की ठीक आहे. त्यांच्याकडचं ‘ठीक आहे’ म्हणजे आपल्याकडचा सत्कार.

इथे माझी काळजी मध्ये आली. सगळं नीट चाललंय म्हणजे काहीतरी चुकतंय, असं मला वाटू लागलं. खोलीत उंदीर दिसला. एकच, तोही घाईत होता. पण मी आठ दिवस पुरतील एवढे दाणे डब्यात काढले आणि पोत्याचं तोंड बांधून घरमालकांना म्हणालो, तुमच्या कोठीत ठेवू का? कोठीला जाड लाकडी दार होतं. मालक म्हणाले, ठेव नं बाप्पा, तुहंच घर हाये. त्यांनी स्वतः जागा करून दिली. मी निर्धास्त झालो. आयुष्यात मी निर्धास्त झालो तो तेवढाच आठवडा.

चैत महिना होता. इकडे चैतात मोह गळतो. पहाटेपासून बायका टोपल्या घेऊन फुलं वेचतात, आणि अख्ख्या मुलुखाला तो गोड, आंबूस, जड वास येतो. अंगणात वास, रस्त्यात वास, स्टेशनात वास. दोन चैत काढले की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. माझ्या नाकानंही सोडलं होतं.

शनिवारी सकाळी, म्हणजे पाहुणे यायच्या आदल्या दिवशी, डबा संपला म्हणून मी कोठी उघडली. कोठीत गुडघाभर मोहफुलं वाळत पसरली होती. मालकांनी ती पसरली होती, आणि जागा पुरेना तेव्हा माझ्या पोत्याभोवती रचली होती, आणि तरीही पुरेना तेव्हा पोत्यावरही.

“औषधापुरता हाये थोडासा,” मालक मागून म्हणाले. जन्मभर मोहाची दारू पकडलेला माणूस. दोन पोती औषध होतं.

मी दाणे घेतले, भट्टीवर गेलो, खापरात टाकले. मनाला म्हणत होतो, दाणा आहे, फूल नाही, त्याला काय होतंय. दाणे तापले आणि वास सुटला. मालक अंगणातून चालत आले. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

“आता कुठी चांगला वास येऊन राह्यला,” ते म्हणाले. “आता जमली तुले.”

बाईंनी एक दाणा चावला. थुंकल्या. “मोह.”

“बघू, कदाचित दळल्यावर—”

“मोह हाये. पूर्ण पोतं पेलं त्यानं.”

बरोबर होतं. पोत्याच्या बुडाशी हात घालून काढलेले दाणेसुद्धा तसेच. कॉफीचा दाणा जवळचा वास शोषून घेतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की उंदरानं मूठभर खाल्ले असते तर बरं झालं असतं. माझी ट्रंक लहान होती, भरायला वेळ लागला नाही. खुंटीवरचं कार्ड काढून वर ठेवलं. सिकंदराबादेहून नवा माल यायला आठवडा लागणार होता आणि पाहुणे यायला एक दिवस.

बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. “कुठी चालला?”

“घरी. भावाच्या दुकानात पुड्या बांधायला.”

“त्या बाबूले सांगितलं?”

नव्हतं सांगितलं. न सांगता जायचा विचार होता. मी ट्रंकेची कडी लावू लागलो.

“म्हंजे पोरीले पाहाले लोक येतीन अन तिचा बाप रिकाम्या हातानं उभा राहीन,” बाई म्हणाल्या. “लय मोठा कारखानदार.”

त्या परत गेल्या. थोड्या वेळानं आल्या तेव्हा त्यांच्या हातात ते गाडगं होतं. तोंड ओल्या चिखलानं लिंपून बंद केलेलं, वाळून दगड झालेलं. इकडे बियाणं असंच ठेवतात, हवा लागू नये म्हणून. त्यांना ते बियाणंच वाटलं होतं. सात दाणे त्यांनी परसात वांग्यांच्या वाफ्यात लावूनही पाहिले होते. उगवले नव्हते, त्यामुळे माझ्या मालाबद्दल त्यांचं मत आधीच वाईट होतं. पण रोज मूठ काढली की त्या पुन्हा लिंपायच्या. रोज. मोहाचा वास त्या चिखलातून आत गेला नव्हता. पालथा हात मारून त्यांनी लिंपण फोडलं आणि गाडगं माझ्या नाकाखाली धरलं. कोरड्या गवतासारखा, स्वच्छ, कच्च्या कॉफीचा वास.

मी हात पुढे केला तसा त्यांनी गाडगं मागे घेतलं.

“असं नाई. आगीचा वाटा वापस नाई देत कोनी. माह्या सासूनं उपास काढले, पर वाटा नाई मोडला.” त्या भट्टीकडे वळल्या, गाडगं खाली ठेवलं, निखाऱ्यांना हात जोडले आणि शेजारणीशी बोलावं तशा बोलल्या, “उसने देतो वं माय, फुकट नाई. हा पोट्टा फेडन.” मग माझ्याकडे बघून, “फेडशीन नं?”

मी हो म्हणालो. मोठ्यानं म्हण, म्हणाल्या. आगीला ऐकू जाईल असं मी म्हणालो. मालक खाटेवरून बघत होते.

रविवारी उजाडताच खापर चढलं. सगळे दाणे मिळून तीन पाव भरले. चुकायला जागा नव्हती. त्या सगळ्या मुठी एका वेळी घालायची माझी छाती होईना, म्हणून दोन खेपा केल्या. पहिल्या खेपेला जुडी माझ्या हातात होती आणि बाई मुद्दाम पाठ करून मुरमुऱ्याचे तांदूळ निवडत बसल्या होत्या. टचटच झाली. शांतता झाली. माझा हात खापराकडे गेला. बाईंनी मागे न बघता नुसतं “हं” म्हटलं. मी हात आखडला. आणि मग ते बारीक बोलणं आलं. मी सुपात ओतलं. बाईंनी उठून एक दाणा फोडला, आतला रंग बघितला, आणि निवडायला परत बसल्या. दुसऱ्या खेपेला त्यांनी ‘हं’सुद्धा म्हटलं नाही.

ओसरीवर पाहुणे रांगेत बसले होते. मी खांबाआड उभा होतो. आत यंत्र गरगरा फिरलं, एकदाही अडलं नाही. पेले आले. मुलाच्या वडिलांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले. बाबूंचे खांदे खाली आले तेव्हा मला अर्थ कळला. ते गृहस्थ तीन पेले प्याले. मुलीबद्दल पत्रानं कळवू म्हणाले. कॉफीबद्दल तिथेच कळवलं. पत्र पुढे आलं ते नकाराचं आलं. बाबूंनी त्याचा राग कॉफीवर काढला नाही. मुलीनंही नाही. ती मला नंतर म्हणाली की मुलगा बशीत ओतून फुर्र करत प्यायला, तेव्हाच तिनं मनात नाही म्हटलं होतं.

अकरा घरं माझी झाली. मोहाचं पोतं मालकांनी ठेवून घेतलं. दाणे उकळून रोज सकाळी पेलाभर घेतात आणि गुडघे दुखायचे थांबले म्हणतात. कॉफीमुळे की औषधामुळे, हे मी विचारत नाही. भावाला मी लिहिलं की पोतं संपलं, पण येत नाही. त्यानं उत्तर पाठवलं नाही. पुढच्या दिवाळीला मात्र दुकानातून दोन शेर कॉफी मागवली, घाऊक भावानं.

आणि उसने? नवा माल आला त्याच दिवशी मी गाडगं काठोकाठ भरून घेऊन गेलो. बाईंनी आत डोकावलं.

“हे काय करू मी? वांग्यात लावू?”

“उसने फेडतोय बाई.”

“आगीले इचारलं म्या. तिले हे नाई पाह्यजे. तुह्या या दान्यानं कोनाचं पोट भरते? धान आन. मुरमुऱ्याचं धान, जाड, जुनं, न फुटलेलं. तुह्या हातानं निवडून.”

मी धानाबद्दल, म्हणजे सालासकट तांदळाबद्दल, पहिल्या दिवशी कॉफीबद्दल जाणत होतो तेवढंच जाणत होतो. एकदा आणलं, त्यांनी तळहातावर घासून परत दिलं: नवं आहे. दुसऱ्यांदा आणलं: तुकडा आहे. तिसऱ्यांदा आणायच्या आत त्यांचे घरधनी वारले आणि बाई ब्रह्मपुरीच्या बाजूला लेकीकडे निघाल्या. भट्टीतली रेती तेवढी, तिथल्या नव्या भट्टीसाठी, पाटीत भरून बरोबर नेली. दहा वर्षांचं मीठ तिच्यात आहे म्हणाल्या. मोटारीच्या पायरीवर पाय ठेवून मला म्हणाल्या, “भुलू नको. उसने बाकी हाये.”

आता मी निवडायला शिकतो आहे. चांगलं धान मुठीत घेतलं की सरकतं, एकमेकांना चिकटत नाही, दाताखाली कडक वाजतं. एवढं कळायला लागलंय. ब्रह्मपुरीला घराघरात धानाच्या ढोल्या, म्हणजे कणग्या, भरलेल्या असतात, तिथे बाहेरचा माणूस धानाचं पोतं घेऊन उतरला तर मोटारीतले लोक हसतील. हसू देत. मी पोतं उतरवीन, लेकीच्या घरी जाईन, आणि बाईंना सांगेन की मोजा, माझ्या मुठीनं नको, तुमच्या. आधी चार दाणे जाळात टाका. बाकीचे तुम्ही तळहातावर घासा, दातानं फोडा, आणि परत दिलंत तर मी दुसरं आणीन.

बाई, तोवर भट्टी थंड पडू देऊ नका. मी येणार आहे.